वाचक विचारतात : पावसाळी तापाच्या पीसीआर चाचण्या

गेल्या अंकातल्या पावसाळी तापांवरच्या लेखात लेप्टोस्पायरोसिस, स्क्रब टायफस आणि मेलिओइडोसिस या तीन जिवाणूजन्य आजारांच्या जनुकीय चाचण्यांचा ओझरता उल्लेख आला होता. त्यावर रुग्णांच्या नातेवाइकांपासून प्रयोगशाळा चालवणाऱ्यांपर्यंत बऱ्याच जणांची पत्रे आली. त्यातले निवडक प्रश्न संक्षेपाने आणि त्यांची उत्तरे इथे देत आहोत. औषधोपचाराचा निर्णय अर्थातच रुग्णाला तपासणाऱ्या डॉक्टरांचा.

प्रश्न : माझ्या भावाला भातलावणीनंतर ताप आला. तिसऱ्या दिवशी 'लेप्टो आयजीएम' निगेटिव्ह आली, नवव्या दिवशी तीच चाचणी पॉझिटिव्ह. पहिली चाचणी चुकली का? पीसीआर केली असती तर तेव्हाच कळले असते का?
(एक वाचक, कुडाळ)

उत्तर : पहिली चाचणी फार लवकर झाली. आयजीएम चाचणी जंतू शोधत नाही, शरीराने जंतूविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडे शोधते. आणि ती मोजता येण्याइतकी व्हायला तापाचा पाचवा ते सातवा दिवस उजाडतो. त्याआधी लेप्टोस्पायरा, म्हणजे या आजाराचे जंतू, रक्तात फिरत असतात. पीसीआर त्यांच्या डीएनएचा ठरावीक तुकडा पकडते आणि फेरीफेरीने त्याच्या असंख्य प्रती करते. म्हणून पहिल्या आठवड्यात रक्ताची पीसीआर, पुढे आयजीएम, आणि पाचव्या-सहाव्या दिवशी रुग्ण आला तर दोन्ही. तिसऱ्या दिवशी पीसीआर केली असती तर निदान होण्याची शक्यता चांगली होती. खात्री मात्र कुणीच देऊ शकणार नाही, कारण रक्तातल्या जंतूंची संख्या रुग्णागणिक फार बदलते.

दुसऱ्या आठवड्यात जंतू रक्तातून हटतात आणि मूत्रपिंडात मुक्काम करतात, तेव्हा लघवीचा नमुना उपयोगी पडतो. पण आम्लधर्मी लघवीत लेप्टोस्पायरा टिकत नाहीत. नमुना दोनेक तासांत सेंट्रिफ्यूज करून (यंत्रात वेगाने फिरवून) खालचा गाळ फॉस्फेट बफरमध्ये घ्यावा लागतो. सकाळी धरलेली लघवी संध्याकाळच्या एसटीने जिल्ह्याला पाठवली तर निगेटिव्ह अहवालाला काही अर्थ राहत नाही.

रक्ताच्या बाबतीत तीन गोष्टी सांभाळायला हव्यात. प्रतिजैविकाचा पहिला डोस देण्याआधी रक्त घ्यावे. ते जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए ट्यूबमध्ये घ्यावे. हिरव्या झाकणाच्या ट्यूबमधले हेपारिन पीसीआरचे एन्झाइम अडवते आणि डीएनए शुद्ध करतानाही ते पुरते निघत नाही. आणि ट्यूब २ ते ८ अंशांवर ठेवावी, गोठवू नये. गोठवल्यावर तांबड्या पेशी फुटतात, हिमोग्लोबिन बाहेर येते आणि तेही एन्झाइमच्या आड येते. रक्त घेऊन झाले की अहवालासाठी औषध थांबवायचे नाही.

नवव्या दिवसाचा पॉझिटिव्ह आयजीएमसुद्धा पक्का पुरावा नव्हे. दरवर्षी चिखलात राबणाऱ्या माणसाच्या रक्तात आयजीएम काही महिने रेंगाळू शकते. पक्क्या निदानासाठी १० ते १४ दिवसांच्या अंतराने दोन नमुने घेऊन एमएटी (प्रतिपिंडांमुळे जंतूंचे गठ्ठे होतात का ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची चाचणी) करतात आणि प्रतिपिंडांचे प्रमाण चौपट झाले का ते पाहतात. ही चाचणी मोजक्याच प्रयोगशाळांत होते. पोर्ट ब्लेअरचे आयसीएमआरचे केंद्र त्यांतले सर्वांत अनुभवी.

प्रश्न : एमएस्सीच्या प्रकल्पात लेप्टोसाठी रिअल-टाइम पीसीआर उभी करायची आहे. १६एस जनुक घ्यावे की लिपएल३२? प्राइमर कसे ठरवायचे, मिश्रणाची प्रमाणे काय ठेवायची?
(विद्यार्थिनी, सूक्ष्मजीवशास्त्र, रत्नागिरी)

उत्तर : लिपएल३२ घ्या. १६एस जनुक प्रत्येक जिवाणूत असते. लेप्टोस्पायराच्या निरुपद्रवी प्रजाती पाण्यात आणि मातीत भरपूर आहेत आणि त्यांचे १६एस रोगकारक प्रजातींच्या १६एसपेक्षा थोड्याच ठिकाणी वेगळे पडते. शिवाय पीसीआरमध्ये डीएनए बांधणारे टॅक एन्झाइम जिवाणूंकडूनच तयार करून घेतलेले असते, त्यामुळे त्यात जिवाणूंच्या डीएनएचा अंश राहतो. प्राइमर (हव्या त्या तुकड्याच्या दोन टोकांना बसणारे डीएनएचे छोटे धागे) जरा सैल असले की नमुना न घातलेल्या रिकाम्या ट्यूबमध्येही पडद्यावरची वाढीची रेघ वर जाते. लिपएल३२ हे बाह्य आवरणाशी निगडित प्रथिनाचे जनुक रोगकारक प्रजातींमध्ये असते, निरुपद्रवी प्रजातींमध्ये नसते. त्याची मर्यादाही लिहून ठेवा: लेप्टोस्पायराच्या ज्ञात प्रजातींची संख्या २०१९ मध्ये ६४ वर गेली, आणि त्यांतल्या, रोगकारक व निरुपद्रवी यांच्या मधल्या गटाच्या प्रजातींमध्ये हे जनुक इतके बदललेले आहे की नेहमीचे प्राइमर त्यांना चुकवतात.

काम संगणकावर सुरू होते. एनसीबीआयच्या जनुकक्रमांच्या खुल्या संग्रहातून रोगकारक प्रजातींचे जितके जीनोम मिळतील तितके घ्या. एका संदर्भ जातीवर (स्ट्रेनवर) प्राइमर बेतणे ही विद्यार्थ्यांची नेहमीची घाई असते. भारतातून नोंदवलेल्या जाती शोधून त्यांत मुद्दाम घाला. सगळ्या एकाखाली एक जुळवून न बदलणारा पट्टा निवडा. प्राइमर १८ ते २५ बेसचे, वितळबिंदू ५८ ते ६० अंश, दोघांत एक-दोन अंशांपेक्षा जास्त फरक नको, जीसी (जी आणि सी या बेसांचा वाटा) ४० ते ६० टक्के. प्राइमरच्या ३-प्राइम टोकाला एकाही जातीत विजोड बेस चालणार नाही, कारण एन्झाइम तिथूनच पुढे बांधायला लागते. मधल्या एखाद्या विजोडाने मात्र फारसे बिघडत नाही. टोकाच्या शेवटच्या पाच बेसांत जी किंवा सी दोनांपेक्षा जास्त नसावेत. प्रोबचा (तुकड्याच्या मध्ये बसून चमक देणाऱ्या रंगीत धाग्याचा) वितळबिंदू प्राइमरपेक्षा ८ ते १० अंशांनी जास्त ठेवा आणि त्याच्या ५-प्राइम टोकाला जी ठेवू नका, तो शेजारच्या रंगाची चमक दाबतो. वाढवायचा तुकडा ७० ते १५० बेसजोड्यांचा पुरे. रक्तातला डीएनए बरेचदा तुटलेला असतो आणि लांब तुकडा सलग सापडत नाही.

ब्लास्ट करताना, म्हणजे प्राइमरचा क्रम आणखी कुठे जुळतो ते संगणकावर शोधताना, मानवी जीनोम विसरू नका. एक मिलिलिटर रक्तात लाखो पांढऱ्या पेशी असतात, त्यामुळे शुद्ध केलेल्या डीएनएत जवळजवळ सगळा वाटा माणसाचाच असतो. नंतर बाकावरही तपासा. निरुपद्रवी लेप्टोस्पायरा बायफ्लेक्सा, टायफॉइडचा साल्मोनेला, स्क्रब टायफसचा ओरिएन्शिया, मलेरियाचे परजीवी, म्हणजे तशाच तापाने येणाऱ्या रुग्णात जे जे असू शकते त्या सगळ्यांच्या डीएनएवर चाचणी निगेटिव्ह यायला हवी.

२५ मायक्रोलिटरच्या मिश्रणासाठी सुरुवात अशी करा: दुप्पट तीव्रतेचा मास्टर मिक्स (एन्झाइम, बफर वगैरेंचे तयार मिश्रण) १२.५, १० मायक्रोमोलरचे दोन्ही प्राइमर प्रत्येकी १.२५, १० मायक्रोमोलरचा प्रोब ०.५, पाणी ४.५ आणि डीएनए ५ मायक्रोलिटर. प्राइमर ५०० आणि प्रोब २०० नॅनोमोलर पडतो. एन्झाइम जागे करायला ९५ अंशांवर कंपनीने सांगितलेला वेळ द्या, मग ९५ अंशांवर १५ सेकंद आणि ६० अंशांवर १ मिनिट अशा ४५ फेऱ्या. जम बसल्यावर प्राइमर २०० ते ९०० नॅनोमोलरच्या दरम्यान बदलून पाहा आणि सर्वांत कमी सीटी (रेघ कितव्या फेरीला वर उठली तो आकडा) व सर्वांत उंच रेघ देणारी जोडी ठेवा.

प्रमाण वक्रासाठी (किती प्रतींना किती सीटी येतो याच्या आलेखासाठी) प्रती मोजाव्या लागतात. लेप्टोस्पायरा इंटेरोगन्सचा जीनोम सुमारे ४६ लाख बेसजोड्यांचा, म्हणजे एका जीनोमचे वजन साधारण ५ फेमटोग्रॅम. त्या हिशेबाने १ नॅनोग्रॅम डीएनएत २ लाख जीनोम. तिथून दहा-दहा पट पातळ करत जा. नुसत्या पाण्यात पातळ केलेला डीएनए ट्यूबच्या भिंतीला चिकटतो आणि शेवटच्या पायऱ्या उगाच रिकाम्या दिसतात. म्हणून टीई बफरमध्ये यीस्टचा टीआरएनए घालून पातळ करा. प्रत्येक पायरीवर टिप बदला आणि नीट ढवळा. वक्राचा उतार -३.३२ आला तर प्रत्येक फेरीत दुप्पट वाढ होते आहे, -३.१ ते -३.६ चालतो. -३.८ आला तर वाढ मंद आहे: प्राइमर फसले आहेत किंवा तापमान जुळलेले नाही. -२.९ आला तर आनंद मानू नका. दुपटीपेक्षा जास्त वाढ होणे शक्यच नाही. बहुधा सर्वांत दाट ट्यूबमध्ये अडथळा आणणारे काही आहे आणि तिथला सीटी उशिरा येतो आहे.

शोधमर्यादा काढताना मोठी चूक होते ती अशी की शुद्ध डीएनए पाण्यात पातळ करून 'आमची चाचणी ५ प्रती पकडते' असे लिहितात. रुग्णाकडून शुद्ध डीएनए येत नाही. मोजलेले अख्खे जंतू निरोगी माणसाच्या ईडीटीए रक्तात मिसळा, तुमच्याच किटने डीएनए काढा आणि प्रत्येक प्रमाणाच्या २० ट्यूब लावा. ज्या सर्वांत कमी प्रमाणाला २० पैकी १९ पॉझिटिव्ह येतात ती मर्यादा. ट्यूबमागे सरासरी एक प्रत असेल तर केवळ वाटपाच्या योगायोगाने ३७ टक्के ट्यूब रिकाम्या राहतात. म्हणून ९५ टक्क्यांसाठी ट्यूबमागे किमान ३ प्रती लागतातच. याहून कमी दावा कुठे वाचलात तर तो गणिताशीच फटकून आहे.

प्रश्न : स्क्रब टायफसच्या रुग्णाचा आयजीएम एलायझा जोरदार पॉझिटिव्ह, पण रक्ताची ५६ केडीए जनुकाची पीसीआर निगेटिव्ह. कंट्रोल सगळे ठीक. डॉक्टर म्हणतात पीसीआर बिनकामाची. काय उत्तर द्यावे?
(प्रयोगशाळा तंत्रज्ञ, चंद्रपूर)

उत्तर : आधी नमुना पाहा, मग जनुक. ओरिएन्शिया त्सुत्सुगामुशी पेशींच्या आत राहतो, मुख्यतः रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरात. रक्तात जो सापडतो तो बहुतांशी पांढऱ्या पेशींमध्ये. तुम्ही सीरममधून डीएनए काढत असाल तर जंतू ज्या गठ्ठ्यात होते तो गठ्ठाच टाकून दिला जातो आहे. ईडीटीए रक्त सेंट्रिफ्यूज केल्यावर प्लाझ्मा आणि तांबड्या पेशींच्या मध्ये जी पातळ पांढरट साय बसते, तो बफी कोट घ्या. डॉक्सीसायक्लिनचे एक-दोन दिवस झाले असतील तर तिथेही जंतू हाती लागेल याची खात्री नाही.

सर्वांत चांगला नमुना म्हणजे चिगर (हा आजार पसरवणारी माइट किड्याची अळी) चावला तिथली काळी खपली, एश्चर. तिथे जंतूंची दाटी असते आणि औषध सुरू झाल्यावरही काही दिवस डीएनए मिळतो. खपली दुखत नाही, खाजत नाही, म्हणून रुग्ण सांगत नाही. कपडे काढून जांघ, काख, कमरेची दोरी किंवा नाडी बसते ती जागा, स्तनांखाली, कानामागे, गुडघ्याच्या मागे बघायला हवे. सावळ्या कातडीवर ती सहज नजरेतून सुटते, आणि काखेतल्यासारख्या ओलसर जागी काळी खपली न धरता उथळ फिकट व्रण दिसतो. जागा निर्जंतुक सलाइनने पुसा. निर्जंतुक सुईने खपलीची कड उचलून ती कोरड्या निर्जंतुक ट्यूबमध्ये टाका. खपली निघत नसेल तर सलाइनने ओला केलेला स्वॅब व्रणाच्या तळावर दाब देऊन पाच-सहा वेळा फिरवा. फॉर्मालिन नको, ते डीएनएची वाट लावते. ही तपासणी वॉर्डातल्या परिचारिकेला दाखवून शिकवली तर पीसीआरमध्ये कितीही सुधारणा करून मिळणार नाही इतका फायदा होतो, असे आमचे ठाम मत आहे.

आता जनुक. ५६ केडीए प्रथिन जंतूच्या पृष्ठभागावर असते आणि कार्प, गिलियम, काटो अशा जातीजातीत ते खूप बदलते. जाती ओळखायला ते उत्तम, पण पहिल्या शोधासाठी त्याच बदलामुळे धोक्याचे. शोधासाठी ४७ केडीए जनुक जास्त स्थिर आहे. तिसरा पर्याय ट्रॅडी जनुकाचा. ओरिएन्शियाचा जीनोम पुनरावृत्तींनी गच्च भरलेला आहे आणि ट्रॅडीच्या त्यात अनेक प्रती असतात, त्यामुळे एकाच जंतूमागे पकडायला अनेक जागा मिळतात. कमी जंतू असलेल्या रक्ताच्या नमुन्यात हा फरक निर्णायक ठरू शकतो. प्रतींची संख्या जातीनुसार बदलते, म्हणून ट्रॅडीच्या सीटीवरून जंतूंची संख्या मात्र काढू नका.

आणि एलायझा? आयजीएम काही महिने टिकते. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपास स्क्रब टायफसचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले. अशा भागात आजचा ताप वेगळ्याच कारणाचा आणि आयजीएम जुन्या संसर्गाचे, असेही घडू शकते. दोन्ही अहवालांवर तापाचा कितवा दिवस ते लिहा, मग वाद बराच मिटेल.

प्रश्न : मधुमेही रुग्णाच्या ब्लड कल्चरमध्ये मेलिओइडोसिसचा जंतू वाढला. त्याच दिवशी घेतलेल्या रक्ताची पीसीआर निगेटिव्ह होती. कल्चरपेक्षा पीसीआर जास्त संवेदनशील असते ना?
(डॉक्टर, म्हापसा)

उत्तर : हिशेब मांडून पाहा. मेलिओइडोसिसच्या बऱ्याच रुग्णांच्या रक्तात मिलिलिटरमागे जेमतेम एखादा जिवंत जंतू असतो. नेहमीचे किट २०० मायक्रोलिटर रक्त घेते, ५० मायक्रोलिटरमध्ये डीएनए उतरवते, त्यांतले ५ मायक्रोलिटर तुम्ही ट्यूबमध्ये घालता. म्हणजे पीसीआरने पाहिले फक्त २० मायक्रोलिटर रक्त. मिलिलिटरला एक जंतू असेल तर तो त्या २० मायक्रोलिटरमध्ये येण्याची शक्यता ५० त एक. कल्चरच्या बाटलीत ८ ते १० मिलिलिटर रक्त गेले आणि तिथे एका जंतूचे कोट्यवधी झाले. इथे प्राइमरचा दोष नाही, जंतू ट्यूबमध्ये आलाच नाही.

उपाय दोन बाजूंनी करता येतात. रक्त जास्त घ्या: १ ते ५ मिलिलिटरमधून डीएनए काढणारे किट, कमी बफरमध्ये उतरवणे, एकाऐवजी तीन-चार ट्यूब लावणे. पण रक्त वाढले की मानवी डीएनए आणि हिमोग्लोबिनही वाढते, त्यामुळे अडथळा तपासणे अनिवार्य होते. त्यासाठी डीएनए दहापट पातळ करून पुन्हा लावा. अडथळा नसेल तर सीटी सुमारे ३.३ ने वाढायला हवा. तो तेवढाच राहिला किंवा कमी झाला तर मूळ ट्यूबमध्ये अडथळा होता. मिश्रणात थोडे बीएसए (गाईच्या रक्तातले प्रथिन) घातल्याने बरेचदा काम भागते. दुसरी वाट म्हणजे ब्लड कल्चरची बाटली वाजल्यावर (यंत्राने वाढ झाल्याचा इशारा दिल्यावर) तिच्यातल्या द्रवावर पीसीआर करणे. तिथे जंतू भरपूर असतात, पण बाटलीतले एसपीएस हे गोठणविरोधी द्रव्य पीसीआरचा कट्टर वैरी आहे, तेव्हा तिथेही पातळ करून पाहणे सोडू नका.

रक्ताच्या पलीकडेही बघा. पू, थुंकी, लघवीचा गाळ, घशाचा स्वॅब यांत जंतू कितीतरी जास्त असतात. यकृतात किंवा प्लीहेत गळू असेल तर त्यातला पू सर्वांत मोलाचा. सगळ्या जागांचे नमुने एकदम पाठवले तर कल्चर आणि पीसीआर दोन्हींचा पल्ला वाढतो. तरीही एकदाचे कल्चर साधारण ६० टक्के रुग्णच पकडते, हे लक्षात ठेवून संशय दाट असेल तर पुन्हा पाठवा.

बर्खोल्डेरिया स्यूडोमॅलिया, म्हणजे मेलिओइडोसिसच्या जंतूसाठी टीटीएस१ या स्राव-यंत्रणेच्या जनुकसमूहातला ऑर्फ२ हा भाग २००६ पासून वापरात आहे आणि अजून टिकून आहे. निरुपद्रवी बर्खोल्डेरिया थायलँडेन्सिस हा याचा अगदी जवळचा भाऊबंद. १६एस दोघांचे जवळपास सारखेच, टीटीएस१ मात्र त्याच्यात नाही. या जंतूचा जीनोम दोन गुणसूत्रांचा, ७२ लाख बेसजोड्यांचा, आणि त्यात जीसी ६८ टक्के. एवढ्या जीसीमुळे डीएनएच्या पट्ट्या पुरत्या सुटत नाहीत. मिश्रणात ३ ते ५ टक्के डीएमएसओ घाला, मात्र त्यानंतर जोडणीचे तापमान पुन्हा तपासा, कारण डीएमएसओने ते खाली येते.

एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. महाराष्ट्र-गोव्यात या आजाराचे खरे निदान बरेचदा पीसीआरपाशी पोचायच्या आधीच हुकते: कल्चरमध्ये जंतू वाढतो आणि 'स्यूडोमोनास प्रजाती' किंवा 'बर्खोल्डेरिया सेपेशिया' असा अहवाल जातो. ऑक्सिडेज पॉझिटिव्ह ग्रॅम-निगेटिव्ह दांडा, जेंटामायसिन आणि कोलिस्टिनला दाद न देणारा, पण अमॉक्सिक्लॅव्हला बळी पडणारा दिसला की थांबा, प्लेट हुंगू नका, पुढचे काम दुसऱ्या श्रेणीच्या जैवसुरक्षा कॅबिनेटमध्ये करा आणि त्या वसाहतीवर टीटीएस१ पीसीआर लावा. काही तासांत उत्तर मिळते. सेफ्टाझिडिम किंवा मेरोपेनेम किमान १० ते १४ दिवस आणि पुढे को-ट्रायमॉक्साझोल निदान तीन महिने, हा मार्ग त्या उत्तरावर ठरतो.

प्रश्न : आई पुण्याहून आमच्याकडे आली आहे, तिला मधुमेह आहे. इथे पावसाळ्यात मेलिओइडोसिसचे इशारे दिले जातात. तिची आधीच पीसीआर करून घ्यावी का?
(मराठी कुटुंब, डार्विन, ऑस्ट्रेलिया)

उत्तर : नको. ताप किंवा कुठलेही लक्षण नसलेल्या माणसाच्या रक्तात हा जंतू शोधण्यात अर्थ नाही. चिखलात अनवाणी जाऊ देऊ नका, बागकाम हातमोजे घालून, वादळी पावसात घरात, पायाला जखम असेल तर ती झाकलेली. ताप आला किंवा खोकला रेंगाळला तर डॉक्टरांना मधुमेह आणि मातीशी आलेला संपर्क दोन्ही आधी सांगा. तिथल्या डॉक्टरांना हा आजार चांगला परिचयाचा आहे. आई भारतात परतल्यावर ताप आला तर इथल्या डॉक्टरांना डार्विनचा मुक्काम सांगायला हवाच, मात्र हा जंतू भारतातही आहे. १९९१ मध्ये मुंबईतल्या एका बालरुग्णात तो नोंदला गेला होता, आणि उडुपी-मणिपाल, वेल्लोरकडे तर त्याचे रुग्ण नियमित सापडतात.

प्रश्न : आमच्या पीसीआरमध्ये डीएनए न घातलेल्या ट्यूबचा सीटी ३६ ते ३८ येऊ लागला आहे. नवे प्राइमर मागवले, तरी तेच. सीटी ३५ च्या वरचे सगळे निगेटिव्ह धरले तर चालेल का?
(खासगी प्रयोगशाळा, कोल्हापूर)

उत्तर : चालणार नाही. स्क्रब टायफस आणि मेलिओइडोसिसच्या रक्तातले खरे पॉझिटिव्ह बहुतेक ३५ च्या आसपासच येतात. ती रेषा ओढली तर ज्यांच्यासाठी चाचणी उभी केली तेच रुग्ण गळतील. दूषितपणा काढायलाच हवा. तोवर अहवाल देणे थांबवा.

बहुतेक वेळा उगम तुमचा स्वतःचा पॉझिटिव्ह कंट्रोल असतो. तो बहुधा प्लाझमिड (लक्ष्य तुकडा घातलेले डीएनएचे छोटे कडे) असतो आणि ३००० बेसजोड्यांच्या प्लाझमिडच्या १ नॅनोग्रॅममध्ये सुमारे ३० कोटी प्रती असतात. ती ट्यूब मास्टर मिक्सच्या बाकावर उघडली की झाकणाला लागलेला अदृश्य शिंतोडाही महिनाभर पुरतो. मूळ प्लाझमिड वेगळ्या खोलीत ठेवा, कामाचा कंट्रोल सीटी ३० च्या आसपास येईल इतका पातळ करून छोट्या ट्यूबांत वाटून ठेवा आणि प्लेटवर तो सर्वांत शेवटी घाला. नवा कंट्रोल बनवताना तुकड्याच्या मध्ये मुद्दाम एखादा वेगळा क्रम घाला, म्हणजे संशयित पॉझिटिव्हचे सिक्वेन्सिंग केल्यावर रुग्णाचा डीएनए की तुमचा प्लाझमिड ते लगेच कळेल.

शोध असा घ्या: नव्याने उघडलेले पाणी, नवा मास्टर मिक्स, नवे प्राइमर यांपैकी एकेक बदलून आठ-आठ रिकाम्या ट्यूब लावा. एकाच ट्यूबवर निष्कर्ष काढू नका. सगळे नवे असूनही रेघ येत असेल तर पिपेट किंवा हूड दूषित आहे. दुसरी, कधीही प्लाझमिड न हाताळलेली पिपेट आणून तपासा. बाक ताज्या ०.५ टक्के हायपोक्लोराइटने पुसा, १० मिनिटे थांबा, मग पाण्याने पुसा. कालचे द्रावण चालत नाही. अल्कोहोल डीएनए नष्ट करत नाही, ते फक्त बाक चकचकीत करते. पुढच्या काळासाठी ड्यूटीपी (याने नव्या प्रतींत युरॅसिल येते) आणि यूएनजी (युरॅसिल असलेला डीएनए तोडणारे एन्झाइम) असलेला मास्टर मिक्स घ्या. त्यात आधीच्या पीसीआरचे तुकडे नवी फेरी सुरू होण्याआधी कापले जातात. पण प्लाझमिडमध्ये युरॅसिल नसल्यामुळे त्याच्या दूषितपणावर यूएनजीचा काही इलाज नाही.

आणि हो, त्या रिकाम्या ट्यूबच्या रेघेचा आकारही पाहा. खरी वाढ एस-आकाराची असते. सावकाश तिरपी चढत जाणारी रेघ प्रोब विघटित झाल्यामुळेही येते. प्रोब वारंवार गोठवल्या-वितळवल्याने आणि उजेडात राहिल्याने बिघडतो.

प्रश्न : तालुक्याच्या रुग्णालयात थर्मल सायकलर (पीसीआरचे यंत्र) नाही, वीज जाते. लॅम्प किंवा क्रिस्परच्या चाचण्या इथे चालतील का?
(वैद्यकीय अधिकारी, जि. सिंधुदुर्ग)

उत्तर : लॅम्प आजच चालण्यासारखी आहे, पण शिस्तीने. ती ६० ते ६५ अंशांच्या एकाच तापमानावर चालते, साधा हीट ब्लॉक आणि इन्व्हर्टर पुरतो. तिला चार ते सहा प्राइमर लागतात; आतले दोन १.६ मायक्रोमोलर, बाहेरचे दोन ०.२, लूपचे ०.४ ते ०.८ हे सुरुवातीचे प्रमाण. इतके प्राइमर एकत्र असल्यामुळे वेळ वाढवला की ते एकमेकांवरच वाढू लागतात. म्हणून किती मिनिटांनी वाचायचे ते रिकाम्या ट्यूब लावून आधी ठरवा आणि त्यानंतर दिसलेला रंगबदल धरू नका. वाचून झाल्यावर ट्यूब उघडायची नाही. लॅम्पमध्ये पीसीआरपेक्षा कितीतरी जास्त डीएनए तयार होतो आणि एक ट्यूब उघडली की खोली निकामी होऊ शकते. बंद ट्यूब पिशवीत घालून जैववैद्यकीय कचऱ्यात द्या. द्रव रसायने उणे २० वर ठेवावी लागतात आणि वीज गेलेल्या फ्रिजमध्ये ती मरतात. त्यामुळे वाळवलेल्या गोळीच्या रूपातली रसायनेच मागवा.

क्रिस्परमध्ये मेलिओइडोसिससाठी थायलंडमधल्या संशोधकांनी वेलकम सँगर इन्स्टिट्यूटच्या साथीने केलेले काम २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. आधी आरपीए पद्धतीने एकाच कोमट तापमानावर डीएनए वाढवायचा, मग कॅस१२ए एन्झाइमने तो ओळखायचा. अडचणीची जागा अशी की कॅस१२एला लक्ष्याच्या शेजारी सलग तीन टी लागतात, आणि ६८ टक्के जीसीच्या जीनोममध्ये अशा जागा मोजक्याच. म्हणून हजारो जीनोम चाळून लक्ष्य शोधावे लागले. भारतात अशी चाचणी निदानासाठी विकायची तर वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ नुसार परवाना लागतो, तेव्हा किट घेताना परवान्याची प्रत मागा.

तुमच्यापुढे तिसरा पर्याय आहे. क्षयरोगासाठी बऱ्याच आरोग्य केंद्रांत ट्रूनॅटचे बॅटरीवर चालणारे यंत्र दिलेले आहे. ते गोव्याच्या मोलबायो कंपनीचे. ते यंत्र चिपवर चालते आणि इतर जंतूंच्या चिपही त्यावर लावता येतात. तुमच्या केंद्रातले यंत्र जिल्हा क्षयरोग अधिकाऱ्यांच्या ताब्यात असेल, म्हणून जूनच्या आधीच लेखी परवानगी, चिपचा पुरवठा आणि त्यांची मुदत यांचे बोलून ठेवा. ताप आलेल्या शेतमजुराचे रक्त पहिल्या पाच दिवसांत, औषधाआधी, जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये येईल आणि मागणीपत्रावर तापाचा दिवस व घेतलेली औषधे लिहिली जातील एवढी व्यवस्था मे महिन्यातच लावून द्या. नसता चिप येऊनही तिच्यावर घालायला योग्य नमुना मिळणार नाही.